घात झाला की घात आली?

आधी गुन्हा कबूल करतो, मग इतरांची झडती घेतो.

तीसेक वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी आणि इंग्रजी शिकवत होतो. सहामाहीला निबंध होता: पावसाळ्यातील एक दिवस. बावीस वह्यांत काळे ढग दाटून आले होते, बावीस वह्यांत मोर नाचले होते आणि बावीस वह्यांत पोरांनी कागदी होड्या सोडल्या होत्या. आमच्या त्या गावात मोर नव्हता, आणि होडी सोडायला रस्त्यावर पाणी साचेल इतका पाऊस चार वर्षांतून एकदा पडायचा. हे सगळे मोर गाईडमधून उडत आले होते. तेविसाव्या वहीत मात्र तीनच ओळी होत्या: ‘मिरगाचा पाऊस झाला. रानात घात आली. बापानं तिफण काढली.’

मी ‘घात’ला लाल गोल केला. वर लिहिलं, ‘अयोग्य शब्द. पेरणीयोग्य वेळ आली असे लिही.’ दहापैकी चार दिले. मोरवाल्यांना आठ.

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं घात म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन आधी चिखल असते, नंतर ढेकूळ होते, आणि या दोहोंच्या मधे एकदोन दिवस असे येतात की मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोट लावलं तर तो फुटतो. ती घात. घातीवर पेरलं तर उगवतं. घात मोडली तर दुबार पेरणी आणि पुन्हा सावकार. पुस्तकी मराठीतला घात पुल्लिंगी. तो ‘होतो’, आणि झाला की माणूस जातो. आमची घात स्त्रीलिंगी. ती ‘येते’, आणि आली की बी रुजतं. नुसत्या क्रियापदावरून जीव गेला की जीव धरला ते कळतं. हे त्या अकरा वर्षांच्या पोराला बरोबर माहीत होतं. त्यानं ‘घात झाला’ लिहिलं नव्हतं, ‘घात आली’ लिहिलं होतं.

आणि खरी लाज पुढंच आहे. मलाही अर्थ माहीत होता. माझा मामा बदनापूरकडं शेती करायचा, त्याच्या तोंडी मी हा शब्द शंभरदा ऐकला होता. तरी खोडला. कारण वह्या तपासायला साहेब येणार होते आणि साहेब औरंगाबादचे होते.

आता परवाचं सांगतो. जालन्यात आम्ही पाचसहा निवृत्त मास्तर संध्याकाळी चहाला जमतो. विषय ठरलेले असतात. पेन्शन, गुडघे, आणि मोबाईलनं भाषेचं कसं वाटोळं केलं. ‘पोरं डिक्शनरी उघडत नाहीत हो, फोनला विचारतात.’ ‘अख्खा परिच्छेद फोटो काढून भाषांतर करतात.’ ‘बंदी घातली पाहिजे.’ मी मजा म्हणून फोन काढला आणि त्यात लिहिलं, ‘रानात घात आली.’ फोननं इंग्रजी दिलं. ते पुन्हा मराठीत आणलं तर होतं: जंगलात विश्वासघात झाला. रान म्हणजे शेत, हेही त्याला ठाऊक नाही. दोन नामांपैकी दोन्ही चुकली. मंडळी खो खो हसली. एक जण म्हणाला, ‘बघा, अक्कल नाही त्या यंत्राला.’

मला हसू आलं नाही. त्या यंत्राचा शेरा आणि माझा लाल शेरा एकाच अक्षरात लिहिलेला दिसला.

कारण हे यंत्र शिकतं कशावरून? आपण जे लिहून ठेवलं त्यावरून. गुगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३ साली. २०१७ मध्ये त्याची पद्धत बदलली. आधी ते शब्दांचे तुकडे जोडायचं, नंतर अख्ख्या वाक्याचा अंदाज घेऊ लागलं. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ काढलं. यंत्र कुणाचंही असो, त्याचं खाणं एकच: छापलेली, टंकलेली, जाळ्यावर चढलेली मराठी. ती कसली असते? शासन निर्णयांची, वर्तमानपत्रांची, ज्ञानकोशी नोंदींची, जाहिरातींची. कीटकनाशकाच्या डब्यात घडी करून कोंबलेलं पत्रक कधी वाचलंय? सात-आठ भाषांत असतं, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात. त्यातली मराठी अशी की ‘सदर द्रावणाचा त्वचेशी संपर्क आल्यास बाधित भाग विपुल पाण्याने प्रक्षालित करावा.’ ज्याच्या अंगावर औषध सांडलंय तो प्रक्षालित म्हणजे काय हे विचारायला जाईपर्यंत दवाखान्यात पोचलेला असतो. अशी मराठी खाऊन जे यंत्र वाढलं त्याला घात कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक होती त्यांनी ती लिहिली नाही. ज्यानं लिहिली त्याची मी खोडली. माझ्यासारखे हजारो मास्तर, हजारो वह्या, वर्षानुवर्षं. यंत्र अडाणी नाही, आमचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी आहे ते. मोरवाल्या बाविसांतलंच आणखी एक पोर.

म्हणून मोबाईलवर दात ओठ खाणाऱ्या माझ्या जातभाईंना विचारतो, आयता अर्थ घ्यायची सवय फोननं लावली का? मराठवाड्यात आपण इंग्रजी शिकवली कशी, ते आठवा. धड्याच्या खाली शब्दार्थ. गाईडात ओळीखाली ओळ. मास्तर फळ्यावर डावीकडं इंग्रजी शब्द लिहायचा, उजवीकडं मराठी, मधे बरोबरचं चिन्ह, जणू गणितच. एका शब्दाला एक अर्थ, तो पाठ, झाली भाषा. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा ज्या गुरुजींना स्वतःला इंग्रजी वाक्य बोलता येत नव्हतं त्यांनीही हेच केलं, आणि दुसरं करणार तरी काय? त्या बरोबरच्या चिन्हाला बॅटरी लावली की भाषांतराचं ॲप तयार होतं. गाईडचा नातू आहे तो. आजोबांना टेबलाच्या खणात ठेवायचं आणि नातवाला वर्गाबाहेर उभं करायचं, हा कुठला न्याय?

शब्दकोशाची गोष्ट वेगळी. म्हणजे वेगळी असायला हवी होती.

मराठीचा एक दांडगा कोश एका विद्यार्थ्यानं केलाय, हे आम्ही पोरांना कधी सांगत नाही. जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला तरुण अधिकारी. त्याला मराठी येत नव्हती आणि शिकायला धड साधन नव्हतं. सोलापूरच्या छावणीत असताना त्यानं शब्द टिपायला सुरुवात केली. पुढं सरकारनं मुंबईत बसवलं, थॉमस आणि जॉर्ज कँडी हे भाऊ आणि शास्त्री मंडळी दिमतीला आली, आणि १८३१ मध्ये कोश निघाला. सुमारे चाळीस हजार शब्द. त्यावरही गडी समाधानी नव्हता, म्हणून १८५७ची दुसरी आवृत्ती साठ हजारांवर गेली. त्यात बाजारातले शब्द आहेत, औताचे आहेत, बायकांच्या तोंडचे आहेत, शिव्याही आहेत. शब्द कुठल्या मुलखात चालतो हेसुद्धा जागोजागी नोंदवलंय. लोक त्याला मोल्सवर्थशास्त्री म्हणायला लागले ते उगीच नाही. परमुलखातला सोल्जर आमच्या शेतकऱ्याच्या तोंडाकडं कान देऊन बसला, आणि शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला मी त्याच शेतकऱ्याच्या नातवाचा शब्द लाल शाईनं मारला. कोण परका, ते तुम्हीच ठरवा.

गंमत अशी की तोच थॉमस कँडी पुढं सरकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर देखरेख करायला बसला, आणि विरामचिन्हांपासून वाक्यरचनेपर्यंत आम्ही जिला ‘शुद्ध’ म्हणतो तिच्यावर त्याचा हात फिरला. कोशाच्या घराचे दरवाजे सताड उघडे, पुस्तकाच्या घराला अरुंद खिडकी. आम्ही मास्तर लोक खिडकीशी बसलो आणि दरवाजे विसरलो.

कोश हातात घेतला की काय होतं ते एका शब्दावर दाखवतो. ‘वाण’ घ्या. जालना बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथंच महिको काढली, पुढं त्यांना १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज मोंढ्याच्या आसपास दर चौथी पाटी बियाण्याची. तिथं वाण म्हणजे बियाण्याची जात. पण संक्रांतीला बायका एकमेकींना देतात तेही वाण. ‘सावळ्या वाणाची’ म्हटलं तर तो रंग. ‘घरात कशाची वाण नाही’ म्हटलं तर ती उणीव. मोठा कोश उघडला की हे सगळे अर्थ एकाखाली एक उभे असतात आणि कोश गप्प बसतो. आता तू ठरव, बाबा, तुझ्या वाक्यात कुठला बसतो. मग वाक्य पुन्हा वाचावं लागतं. कोण कुणाला बोलतंय, पौष महिना आहे की जून, हे बघावं लागतं. त्या पाच मिनिटांच्या चडफडाटात भाषा शिकली जाते, आणि तो चडफडाट वाचवायलाच फोन काढतात लोक. फोन चौरस्त्यावर उभं करत नाही, हाताला धरून एका गल्लीत नेऊन सोडतो. गल्ली बरोबर निघाली तर चांगलंच. चुकीची निघाली तर ती चुकीची आहे हे कळायलासुद्धा बाकीच्या तीन गल्ल्या माहीत असाव्या लागतात.

पण कोशाची आरती ओवाळण्यासाठी मी हे लिहीत नाही. कोशसुद्धा माजतात. शिवाजी महाराजांच्या काळी राजव्यवहारकोश झाला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, पावणेचौदाशेच्या आसपास. हेतू मोठा होता, राज्य आपलं तर त्याची भाषाही आपली. तरी फौज, किल्ला, जमीन, शिपाई हे शब्द लोकांच्या तोंडातून गेले का? संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारनं १९६२ मध्ये पदनाम कोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून टाकलं. त्यातले काही शब्द रुजले हे कबूल. पण कोश जेव्हा लोकांचं ऐकायचं सोडून लोकांना ऐकवायला लागतो तेव्हा तो कोश राहत नाही, परिपत्रक होतो. आमच्या वर्गातले कोश तसलेच होते. कपाटात, कुलूपबंद, किल्ली मुख्याध्यापकांकडं. आणि २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणाऱ्या किती संस्थांच्या कपाटात दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड आहेत, हे एकदा कुणीतरी मोजा. १९३२ ते ३८ या काळात माणसांनी वर्गणी, कर्ज आणि डोळे घालून तो केला. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात तिसरा खंड खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला मी स्वतः पाहिलाय. तसा उपयोगी पडला म्हणायचा.

मराठवाड्याला ही फजिती नवी नाही. आमच्या आज्यांच्या वेळी इथं निजामाचं राज्य. प्रजा बोलायची तेलुगू, मराठी, कन्नड, आणि कारभार उर्दूत. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचं म्हणून दार-उल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं काढलं. शास्त्र, वैद्यक, कायदा, सगळं उर्दूत आणलं त्यांनी. काम खरोखर मोठं होतं, पुण्या-मुंबईनं तेव्हा मराठीसाठी तेवढं केलं नव्हतं. पण जालन्याच्या पोराच्या घरची भाषा त्या भाषांतराच्या हिशोबातच नव्हती. त्याला ज्ञानाच्या दारात जायला आधी दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली आणि जो आजोबा कालपर्यंत गावात शिकलेला होता तो एका रात्रीत अडाणी ठरला. आमच्या आजोबांची उर्दू कागदांची पेटी होती. वाचणारं घरात कुणी उरलं नाही, वडिलांनी १९७०च्या आसपास रद्दीत घातली. मोजून पावणेदोन किलो.

ती पेटी मला आठवली २०२३च्या सप्टेंबरात. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण, १ तारखेचा लाठीमार, आणि मग सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या नोंदींत ‘कुणबी’ शोधायचं. आरक्षणाचा वाद इथं काढत नाही, त्याला बोलणारे भरपूर आहेत. मला दिसलं ते वेगळंच. लाखो लोकांचं नशीब एका शब्दावर येऊन ठेपलं, आणि तो शब्द मोडीत नाहीतर उर्दूत होता. अख्खा जिल्हा आजोबाच्या कागदापुढं निरक्षर! तरुण पोरं फोनचा कॅमेरा कागदावर धरत होती. घसटीतली शिकस्ता लिपी, शाई उडालेली, कसर लागलेली. फोन कधी काहीच दाखवायचा नाही, कधी भलतंच दाखवायचा. मग शोध सुरू झाला मोडी वाचणाऱ्यांचा, उर्दू जाणणाऱ्या म्हाताऱ्यांचा. पाच वर्षांपूर्वी ज्यांना कुणी चहाला विचारत नव्हतं त्यांच्या दारात चपलांचा ढीग.

जुन्या जालन्यात एका चाचांकडं मी शेजाऱ्याला घेऊन गेलो होतो. चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि वाचायच्या आधी प्रश्न विचारायला लागले. ‘गाव कोणतं? शिवेला कोण? तुमच्या आजोबाला गावात काय नावानं हाका मारत? विहीर भावकीत होती का?’ शेजारी वैतागला. ‘चाचा, हे एवढं एक अक्षर काय आहे ते सांगा की!’ चाचा म्हणाले, ‘बेटा, एक नुक्ता उडालाय. नुक्त्याविना हे अक्षर तीन तऱ्हांनी वाचता येतं. तुझं घर कुठलं ते कळल्याशिवाय तुझा शब्द कसा सांगू?’

माझ्या फोननं आजवर मला एकदाही उलटा प्रश्न विचारला नव्हता. रानात म्हणजे कुठं रे, शेतात की जंगलात, असं विचारलं असतं तर मी त्याला गुरू केला असता.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात. अजिबात नाही. माझ्या गल्लीत एक बिहारी पोरगा भाड्यानं राहतो. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. आला तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याच्या फोनात भाषांतराचं ॲप आहे, पण त्याच्या खिशात एक छोटी वहीही आहे. मी मागून पाहिली. ‘काहून’, पुढं ‘क्यों’. ‘उगं’, पुढं ‘ऐसे ही, बिना काम’. ‘लई’, पुढं ‘बहुत’, आणि कंसात ‘पुणेवाला सर नहीं बोलता’. फोननं ‘का’ सांगितलं होतं, भाजीवालीनं ‘काहून’ म्हटलं, यानं दोन्ही लिहिले आणि फोनवर आंधळा विश्वास ठेवला नाही. दोन वर्षांत असा बोलायला लागला की मोसंबीचा भाव करताना बागवान त्याला जालन्याचाच समजतो. हा पोरगा मोल्सवर्थच्या शाळेतला. फोन त्याच्याकडं नोकर आहे. आमच्या पोरांकडं तो हेडमास्तर झालाय, कारण आम्ही त्यांना हेडमास्तराला भ्यायलाच शिकवलं.

याच्या उलट मंठ्याकडच्या तांड्यावरची पोरं बघा. घरात गोरमाटी. आईला ‘याडी’ म्हणतात. सहाव्या वर्षी शाळेत येतात तेव्हा मराठी त्यांना परभाषा, आणि ही गोष्ट गुरुजींच्या गावीच नसते. गुरुजी समजतात, पोर मठ्ठ आहे. त्यातली कित्येक दिवाळीनंतर आईबापामागं ऊसतोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी थेट कर्नाटकात, आणि चैत्रात परत आली की पुन्हा पहिल्या पानावर. त्यांच्यासाठी गोरमाटी-मराठी एवढासा, पन्नास पानांचा का होईना, कोश वर्गात टांगावा असं मला नोकरीच्या तीन दशकांत कधी सुचलं नाही. ‘याडी’ लिहिलं की लाल गोल, वर ‘आई’. पोरीनं पुन्हा तो शब्द वहीत आणला नाही. घरी म्हणत असेल. की तिथंही सोडला असेल, कुणास ठाऊक.

वर मुंबईत काय चाललं होतं? २०२५च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी सक्तीची, जूनमध्ये ‘सक्ती नाही पण’, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं. किती भाषा शिकवाव्यात यावर मोर्चे निघाले, समिती बसली. भाषा शिकवतात कशी, पोर घरून कुठली घेऊन येतं, तिच्यावरून पुढच्या भाषेला पूल कसा टाकायचा, हे कुणी विचारलं नाही. तीन भाषा शिकवा नाहीतर तेरा, रकाने वाढतील. डावीकडं शब्द, उजवीकडं शब्द, मधे बरोबरचं चिन्ह.

माझं म्हणणं एवढंच की साधनाकडं रिकाम्या हातानं जाणारा लुबाडला जातो. कोश असो, फोन असो, मोंढ्यातला आडत्या असो. आपला माल किती, त्यात ओल किती हे ज्याला ठाऊक तो वजनकाट्यापुढं ताठ उभा राहतो. ज्याला ठाऊक नाही तो काटा दाखवील ते खरं मानतो. भाषा शिकणाऱ्याचा माल म्हणजे त्याच्या तोंडातले आधीचे शब्द. ते मनात धरून आधी स्वतः अंदाज करायचा, चुकायचं, मग कोशात बघायचं, मग फोनला विचारायचं, फोननं दिलेलं उलटून परत आणायचं आणि ते जंगलात नेऊन विश्वासघात करत असेल तर खदखदा हसायचं. हसू येणं हीच खूण, कारण ज्याला चूक दिसते त्यालाच ते येतं. आमच्या पोरांना येत नाही. ती निमूट उतरवून घेतात. घरून आणलेला माल आम्ही शाळेच्या दारातच काढून घेतो आणि ‘अशुद्ध’ म्हणून उकिरड्यावर टाकतो. मग रिकाम्या हाताची पोरं फोनपुढं हात जोडून उभी राहिली की आम्ही चहा पीत हळहळतो.

यंदाच्या जूनमध्ये बियाण्याच्या एका दुकानात गेलो होतो, परसात घालायला भेंडी हवी होती. गल्ल्यावरचा माणूस उठून पाया पडला. मी ओळखलं नाही. ‘सर, तुमच्याच हाताखाली होतो. निबंधात चार मार्क दिले होते मला.’ एवढं बोलून तो हसला. केस विरळ झालेत, पण मी ओळखलं. घरची शेती आहे, हे दुकान आहे. त्याची मुलगी पाचवीत, दुकानात बसून घरचा अभ्यास करत होती. फोन शेजारी पालथा. त्यानं तिची वही माझ्यापुढं सरकवली. ‘बघा सर, काय लिहिलंय. मी काही सांगितलं नाही हां, तिचं तीच.’

वहीत होतं, ‘काल पाऊस झाला. पप्पा म्हणाले घात आली, आता दुकानात गर्दी होईल.’

‘बरोबर आहे का, सर?’ त्यानं विचारलं.

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो.

‘मग माझं तेव्हा काहून चुकलं होतं?’

दुकानात गिऱ्हाईक होतं, मापाचा आवाज चालू होता, पोरगी पेन्सिल चावत माझ्याकडं बघत होती. मी त्याला विचारलं, तुमच्याकडं किती मिलिमीटर पडला.